फौजेतून सुटलेलं पात्र: रँक आणि पेशाबदलाच्या नियमांची पार्श्वभूमी

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवायच्या, फासे टाकून पुढे न्यायच्या गोष्टीच्या खेळात, पात्र तयार करताना त्याची फौजेतली नोकरी, रँक आणि पुढचा पेशा फाशांवर ठरवायची पद्धत आता रुळलेली आहे. साताऱ्यात किंवा सांगलीत टेबलाभोवती बसणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. घरात नाहीतर गल्लीत कुणीतरी भरतीची तयारी करत असतं, कुणी पेन्शनवर आलेलं असतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं, आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. त्यामुळे इथला खेळाडू माजी सैनिकाचं पात्र घेतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘सर्व्हिस किती झाली?’ या खेळांना हा प्रश्न सुचायलाच काही वर्षं लागली.

हे खेळ निघाले युद्धखेळांतून, म्हणजे टेबलावर सैन्याच्या सोंगट्या मांडून लढाया खेळायच्या छंदातून. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यात लढवय्याच्या प्रत्येक पातळीला एक किताब होता, आणि अगदी पहिल्या पातळीचा किताब होता ‘व्हेटरन’, म्हणजे मुरलेला शिपाई. तो कुठल्या लढाईत मुरला, कुणाच्या हाताखाली होता, याबद्दल नियम गप्प होते. किताब होता, त्यामागची नोकरी नव्हती.

ती नोकरी आणली ‘ट्रॅव्हलर’ने. अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने १९७७ साली हा अंतराळातला खेळ काढला. रचनाकार मार्क मिलर. पात्र १८ वर्षांचं असताना सुरुवात होते. नौदल, मरीन, भूदल, स्काउट (अंतराळात नवा मुलूख धुंडाळणारे), व्यापारी जहाजं किंवा ‘इतर’ अशा सहांपैकी एका ठिकाणी भरती व्हायचा प्रयत्न करायचा. दोन फासे टाकायचे. भूदलाला बेरीज ५ पुरते, मरीनला ९ लागते. जमलं नाही तर एक फासा टाकून सक्तीची भरती, आणि फासा नेईल तिथे जायचं. मग चार-चार वर्षांच्या टर्म. प्रत्येक टर्ममध्ये आधी जगण्याचा फासा, मग अधिकारी होण्याचा, मग बढतीचा, मग नवी कौशल्यं आणि शेवटी पुन्हा नोकरीत ठेवतात की नाही याचा.

जगण्याचा फासा चुकला तर पात्र मरायचं. खेळ सुरू व्हायच्या आधी, कागदावरच. स्काउटला जगायला ७ लागतात, म्हणजे अंगात खास दमखम नसेल तर दर चार वर्षांना मरणाची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास. अनेकांना हा नियम क्रूर वाटला, आणि जखमी होऊन लवकर सुटका हा पर्यायही पुढे आला. मला मात्र मूळ नियमाची बाजू घ्यावीशी वाटते. जास्त टर्म म्हणजे जास्त कौशल्य, मोठी रँक, सुटताना जास्त पैसा. पण ३४ व्या वर्षापासून वय अंगावर यायला लागतं आणि प्रत्येक टर्मला जीव पणाला असतो. ‘आता सुटावं की अजून एक टर्म काढावी?’ ही घालमेल त्या एका फाशामुळे खरी होते. पाच टर्म, म्हणजे २० वर्षं पुरी केली की वर्षाला ४,००० क्रेडिट (खेळातलं चलन) पेन्शन. आपल्याकडे जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. तेवढ्यासाठी शेवटची दोन वर्षं दात-ओठ खाऊन काढलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा तक्ता कोरडा वाटणार नाही.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि चार वर्षांची टर्म आपल्याकडे प्रत्यक्षातच अवतरली. साडेसतरा ते एकवीस वयात भरती, चार वर्षं सेवा, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम. ‘ट्रॅव्हलर’च्या भूदलात पुन्हा घेतलं जायला ७ लागतात, म्हणजे शक्यता सुमारे ५८ टक्के. आज अग्निवीराचं पात्र करायचं तर हा आकडा बदलावा लागेल, आणि बाविसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या माणसाला पुढे काय, हे नियमांना सांगावंच लागेल.

नेमकं तेच पहिल्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये नव्हतं. एक नोकरी, ती सुटली की खेळ सुरू. रँकही फक्त अधिकाऱ्यांच्या. बाकीचे सगळे बिनपदाचे. १९७८ च्या ‘मर्सेनरी’ या पुरवणीने साध्या शिपायांनाही रँकची शिडी दिली आणि चार वर्षांच्या टर्मचे वर्षावर्षाचे तुकडे केले. तरी आपल्या फौजेतला मधला थर, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर, तिथे सापडणार नाही. शिपाई आणि साहेब यांच्यातला सगळा व्यवहार ज्यांच्या जिवावर चालतो ती ही माणसं. इथल्या गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखलाच पाहिजे.

पेशाबदलाला खरी जागा मिळाली ती १९८६ च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’मध्ये. प्रत्येक पेशाखाली पुढे कुठल्या पेशांत जाता येईल याची यादीच छापलेली असे. अनुभवाचे गुण मोजायचे आणि नवी वाट धरायची. १९९० मध्ये ‘ट्वायलाइट: २०००’ची दुसरी आवृत्ती आली, त्यात टर्मगणिक नोकरी बदलता यायची. टर्म संपली की महायुद्ध पेटलं का, हे फासा सांगायचा. पेटलं की शेवटची टर्म रणांगणावर.

२००८ मध्ये मंगूस कंपनीने ‘ट्रॅव्हलर’ नव्याने काढला आणि हे धागे एकत्र आले. जगण्याचा फासा चुकला तर आता अपघात होतो आणि पेशा सुटतो, पण माणूस उरतो. दुसरीकडे अर्ज करताना आधीच्या प्रत्येक पेशामागे फाशातून एक वजा. सक्तीची भरती आयुष्यात एकदाच. आणि नव्या पेशात रँक पुन्हा शून्य.

या शून्याबद्दल खेळाडू कुरकुरतात. मला तो नियम फार खरा वाटतो. सुभेदार म्हणून सुटलेला माणूस बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभा राहतो तेव्हा त्याच्या हाताखाली कुणी नसतं. गावात त्याला मरेपर्यंत मेजरच म्हणतात आणि पारावर त्याचा शब्द चालतो, पण नव्या नोकरीत त्याचा काही उपयोग नाही. म्हणून जुनी रँक पात्राच्या कागदावरून पुसू नये. बोलणी, ओळखी, मध्यस्थी यांत तिचे गुण धरावेत.

याच मातीत पेशाबदलाची उदाहरणं पडली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे राणोजी शिंदे पेशव्यांच्या पदरी साध्या हुजऱ्याच्या कामाला होते असं सांगतात; पुढे त्यांनीच शिंदे घराण्याची सत्ता उभी केली. सांगलीच्या पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. मुलांनी पळी-पंचपात्री सोडून तलवार धरली आणि सरदार झाले. अशी उडी परक्या तक्त्यांत क्वचितच बसते.

आणि शिडी तर आपली स्वतःचीच आहे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात २५ बारगिरांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी, ५ हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. तेव्हा बारगिराला सुटताना घोडा मिळाला तर तो शिलेदार म्हणून नव्याने सुरुवात करू शकतो. चार वर्षांच्या टर्मऐवजी मोहिमेचा हंगाम धरावा: दसऱ्याला बाहेर पडायचं, आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्याचे चार महिने छावणी. जगण्याचा फासा मुलूखगिरीत टाकायचा, बढतीचा छावणीत, हिशेब तपासले जातात तेव्हा.