ब्लेड रनर २०४९

ब्लेड रनर २०४९ हा ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्रजी विज्ञानपट. १९८२ च्या ब्लेड रनर या चित्रपटाचा हा पुढचा भाग असून दोहोंमध्ये ३५ वर्षांचे अंतर आहे. दिग्दर्शन डेनी व्हिलनव्ह यांचे, पटकथा हॅम्प्टन फॅन्चर आणि मायकल ग्रीन यांची, छायालेखन रॉजर डीकिन्स यांचे. पहिल्या भागाचे दिग्दर्शक रिडली स्कॉट या वेळी कार्यकारी निर्माते होते. रायन गॉसलिंग, हॅरिसन फोर्ड, आना दे आर्मास, सिल्व्हिया हुक्स, रॉबिन राइट आणि जॅरेड लेटो यांच्या प्रमुख भूमिका. लांबी १६३ मिनिटे. इतक्या वर्षांनी दुसरा भाग काढायचाच तर तो कशासाठी, याचे फार विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणून हा चित्रपट महत्त्वाचा आहे. त्याचे बहुतेक दोषही त्याच विचारीपणातून, म्हणजे पहिल्या भागाविषयी वाटणाऱ्या अतीव आदरातून आले आहेत. (पुढील मजकुरात कथेचा शेवटही आला आहे.)

पार्श्वभूमी

पहिला चित्रपट फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवर बेतलेला होता. हुबेहूब माणसासारखे दिसणारे, पण राबवून घेण्यासाठी घडवलेले जीव म्हणजे रेप्लिकंट, आणि त्यांच्यातले पळून आलेले हुडकून संपवणारा पोलीस म्हणजे ब्लेड रनर. डिक मार्च १९८२ मध्ये वारले, तेव्हा चित्रपट पडद्यावर यायला काही महिने उरले होते. अमेरिकेतल्या पहिल्या प्रदर्शनात तो फारसा चालला नाही. तो लोकांना कळणार नाही या धास्तीने त्याला नायकाच्या आवाजातले निवेदन आणि एक गोड शेवट जोडण्यात आला होता. १९९२ च्या आवृत्तीत हे दोन्ही काढले गेले आणि डेकार्ड या नायकाला दिसणारा युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडा, आत आला. २००७ मध्ये स्कॉट यांनी आणखी एक, अंतिम म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती काढली. तोवर चित्रपटाचा दर्जा वादातीत झाला होता. १९९३ मध्येच अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याची नोंद झाली होती.

त्या एका युनिकॉर्नमुळे, म्हणजे ते दृश्य त्याच्या डोक्यात बाहेरून भरलेले असावे या शंकेमुळे, डेकार्ड स्वतःच रेप्लिकंट आहे का, हा वाद पेटला. तो रेप्लिकंटच आहे असे स्कॉट सांगत आले. ती भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड त्याला माणूस मानत आले. पुढचा भाग लिहिणाऱ्यांपुढची खरी अडचण ही होती. उत्तर द्यावे तर रसिकांनी इतकी वर्षे जपलेला वाद संपतो, देऊ नये तर हात झटकल्यासारखे होते.

कथानक

साल २०४९. लॉस एंजेलिस पोलिसांत काम करणारा ‘के’ (गॉसलिंग) जुन्या रेप्लिकंटांना शोधून मारतो. तो स्वतः रेप्लिकंट आहे आणि हे त्याला ठाऊक आहे. शहराबाहेर प्रथिनांसाठी अळ्यांची शेती करणाऱ्या सॅपर मॉर्टनला मारल्यावर एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी त्याला एक लहानसे पिवळे फूल दिसते, आणि झाडाखाली पुरलेली हाडांची पेटी सापडते. हाडे पहिल्या भागातल्या रेचलची, म्हणजे डेकार्डच्या प्रेयसीची निघतात. ती बाळंतपणात गेलेली असते. घडवलेल्या जिवाला मूल झाले ही गोष्ट बाहेर फुटली तर माणूस आणि रेप्लिकंट यांच्यातली भिंतच कोसळेल, म्हणून ‘के’ची वरिष्ठ जोशी (रॉबिन राइट, आडनाव वाचून मराठी प्रेक्षक दचकतो खरा) सगळे पुरावे नष्ट करायला सांगते. रेप्लिकंट बनवणारा उद्योगपती वॉलेस (लेटो) याला मात्र ते मूल हवे आहे. मागणी पुरेल इतके रेप्लिकंट तो घडवू शकत नाही; त्यांनी आपणहून वाढावे अशी त्याची हाव आहे.

झाडाच्या मुळाशी ६.१०.२१ ही तारीख कोरलेली असते. ‘के’च्या एका आठवणीत लाकडी घोड्याच्या तळाशी हीच तारीख आहे. रेप्लिकंटांच्या डोक्यात आठवणी बाहेरून भरलेल्या असतात हे तो जाणतो. तरीही ते मूल आपणच, असे त्याला हळूहळू वाटू लागते.

जमेच्या बाजू

सर्वांत मोठी कमाई पटकथेची आहे. पहिल्या भागाला छळणारा ‘माणूस की रेप्लिकंट’ हा प्रश्न ती नायकाबाबत सुरुवातीलाच निकालात काढते, आणि डेकार्डबाबत अखेरपर्यंत उघडा ठेवते. मोकळ्या झालेल्या जागेत ती नवा प्रश्न मांडते: आपण कोणीतरी विशेष आहोत असे वाटू लागलेल्याला आपण तसे नाही हे कळले, तर तो काय करील? अनाथ म्हणून वाढलेल्याला आपले थोर कूळ सापडते ही कथा जगभर सांगितली जाते. कर्णाला युद्धाच्या तोंडावर आपले कूळ कळते. ‘के’ला ऐन मोक्याच्या क्षणी कळते की आपल्याला कूळच नाही. ते मूल मुलगी होती, आणि घोड्याची आठवण तिची. यानंतर तो जे करतो, म्हणजे डेकार्डला वॉलेसच्या तावडीतून वाचवून मुलीपर्यंत पोचवतो, ते कोणत्याही नियतीने त्याच्यावर सोपवलेले नसते.

हा घाट किती काळजीने बांधला आहे ते एका प्रसंगात दिसते. अनाथाश्रमाच्या ओसाड भट्टीत हात घालून ‘के’ राखेतून फडक्यात गुंडाळलेला घोडा बाहेर काढतो. आठवण खरी आहे याचा तो पुरावा. मग तो रेप्लिकंटांसाठी आठवणी रचणाऱ्या आना स्टेलिनकडे (कार्ला यूरी) जातो. आजारपणामुळे ती काचेच्या दालनात एकटी राहते. ती त्याची आठवण तपासते, तिच्या डोळ्यांत पाणी येते आणि ती सांगते की हे कोणीतरी खरोखर जगले आहे. ‘के’ संतापाने ओरडतो. पहिल्यांदा पाहताना ते अश्रू सहानुभूतीचे वाटतात. दुसऱ्यांदा पाहताना कळते की ती स्वतःचेच बालपण पाहून रडते आहे. चित्रपटाने उत्तर तिथेच, आपल्या डोळ्यांदेखत ठेवलेले असते.

जॉय (दे आर्मास) ही ‘के’च्या घरातली विकत घेतलेली, प्रकाशाने बनलेली सोबतीण. तिचे प्रेम खरे की यंत्राने घोटवलेले, हे चित्रपट ठरवून सांगत नाही. गच्चीवर पहिल्यांदा पावसात उभी राहिलेली जॉय ‘के’चे चुंबन घेता घेता गोठते, कारण वरिष्ठांचा निरोप आलेला असतो. तिच ‘के’ला ‘जो’ असे नाव देते. ती नष्ट झाल्यावर पुलावर तिचीच इमारतीएवढी गुलाबी जाहिरात त्याच्यापुढे वाकते आणि त्यालाही ‘जो’च म्हणते. त्या एका शब्दाने आधीची सगळी माया संशयास्पद होते. तरी ती खोटी ठरली असे म्हणवत नाही. गॉसलिंग यांचा चेहरा या प्रसंगात जवळजवळ हलत नाही, आणि तेच बरोबर आहे.

दृश्यांच्या बाबतीत तर हा चित्रपट मोठ्या पडद्यावरच पाहावा. चित्रीकरण मुख्यतः हंगेरीत, बुडापेस्ट परिसरातल्या स्टुडिओंत झाले. शक्य तिथे खरे नेपथ्य उभारले गेले, आणि शहराच्या मोठमोठ्या लघुप्रतिकृती न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने बनवल्या. म्हणून इथल्या इमारतींना वजन आहे. पहिल्या भागाचे जग कल्पिणारे सिड मीड यांनी या वेळी उजाड लास वेगासची कल्पनाचित्रे दिली. त्या वेगासमधला नारिंगी धुरळा २००९ साली सिडनीवर आलेल्या धुळीच्या वादळाच्या छायाचित्रांवरून सुचला. वॉलेसच्या दालनांत खिडकी नाही, तरी भिंतींवर पाण्यातून परावर्तित झालेला उजेड सतत सरकत असतो. आंधळ्या मालकाच्या घरात उजेडाची ही उधळपट्टी संवादांपेक्षा जास्त बोलते. डीकिन्स यांना याआधी १३ वेळा ऑस्करचे नामांकन मिळून पुरस्कार हुकला होता. या चित्रपटाने तो त्यांच्या हाती दिला. दृश्यपरिणामांचा ऑस्करही याच चित्रपटाला मिळाला.

उणिवा

लांबी ही नेहमीची तक्रार, आणि ती निम्मी खरी आहे. ‘के’चे एकटे चालणे, थांबणे, बघणे यांना वेळ हवाच. पण मधल्या भागात प्रेक्षकाच्या ध्यानात आलेली गोष्ट पुन्हा जुन्या दृश्याचा तुकडा दाखवून समजावली जाते, तेव्हा हा संयम सुटतो. एरवी प्रेक्षकावर इतका विश्वास टाकणाऱ्या चित्रपटाने तिथे कच का खावी, कळत नाही.

वॉलेस ही सर्वांत दुबळी व्यक्तिरेखा. तो बोलत नाही, प्रवचन देतो. देवदूत, ग्रह, गुलामांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या संस्कृती असे मोठे शब्द त्याच्या तोंडी आहेत, पण त्याच्यापासून भीती वाटावी असे त्यात थोडेच. तिसऱ्या अंकात तो नाहीसाच होतो. उलट त्याची हस्तक लव्ह (हुक्स) जिवंत आहे: मालकाच्या नजरेत सर्वोत्तम ठरण्यासाठी धडपडणारी, खून करताना डोळ्यांतून पाणी काढणारी. खलनायकी पूर्णपणे तिच्या हाती द्यायला हवी होती. रेप्लिकंटांच्या बंडाची गतही वॉलेससारखीच आहे. बंडखोर अंधारातून येतात, पुढाऱ्याचे छोटेसे भाषण होते, आणि पुन्हा त्यांचे नाव निघत नाही. पुढच्या एखाद्या चित्रपटासाठी पेरून ठेवलेले बी इथे नुसतेच पडून राहिले आहे.

स्त्रियांच्या चित्रणावर झालेली टीका टाळून पुढे जाता येत नाही. नुकत्याच ‘जन्मलेल्या’ रेप्लिकंट स्त्रीच्या पोटावर वॉलेस सुरी चालवतो, जॉय ही विक्रीची वस्तू आहे, रस्त्यावरच्या जाहिराती नग्न देहांच्या आहेत. हे जग असेच निर्दय आहे हे दाखवणे चित्रपटाचा हेतू आहे, यात शंका नाही. पण कॅमेरा ज्या तब्येतीने त्या देहांवर रेंगाळतो, त्यात ती निर्दयता दाखवणे आणि विकणे यांची सरमिसळ होते. रस्तोरस्ती जपानी-चिनी अक्षरे चमकत असताना कथेत आशियाई माणसे मात्र जवळपास नाहीत, ही दुसरी रास्त हरकत.

आदराचा तोटा कुठे होतो हे रेचलच्या पुनरागमनात, म्हणजे वॉलेसने डेकार्डपुढे आणलेल्या तिच्या प्रतिकृतीच्या प्रसंगात कळते. १९८२ च्या शॉन यंग यांचा चेहरा संगणकावर घडवून दुसऱ्या अभिनेत्रीच्या देहावर बसवला आहे. तंत्र म्हणून काम चोख आहे. ती डेकार्डकडे चालत येते. तो तिच्याकडे पाहतो, मग पाठ फिरवतो आणि तिचे डोळे हिरवे होते एवढेच म्हणतो. पुढच्याच क्षणी तिला गोळी घातली जाते. फोर्ड यांचे हे या चित्रपटातले सर्वोत्तम काम. मात्र ज्याने पहिला भाग पाहिलेला नाही, त्याच्यासाठी ही एक अनोळखी बाई आली आणि मेली. डेकार्डचे सगळे दुःख जुन्या चित्रपटाच्या खात्यावर लिहिलेले आहे.

व्यवसाय

निर्मितीचा खर्च १५ कोटी डॉलरच्या वर गेला होता. जगभरातून सुमारे २६ कोटी डॉलर जमले. चित्रपटगृहांचा वाटा आणि प्रसिद्धीचा खर्च वजा जाता ते अपुरे होते. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण प्रेक्षक प्रामुख्याने पुरुष आणि पहिल्या भागाचे चाहते राहिले. ‘के’ रेप्लिकंट आहे हेसुद्धा परीक्षणात लिहू नये अशी विनंती समीक्षकांना करण्यात आली होती. गुप्ततेपायी नव्या प्रेक्षकाला कथेबद्दल सांगण्याजोगे काही उरलेच नाही.

संगीत आणि शेवट

पार्श्वसंगीत आधी योहान योहानसन यांच्याकडे होते. नंतर ते हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांनी केले. खर्जातले प्रचंड गुरगुरणे शहराच्या दृश्यांना शोभते, मात्र काही ठिकाणी कानठळ्या बसतात. शेवटच्या प्रसंगात तर १९८२ मधली व्हँजेलिस यांची धूनच परत येते, तीही जिच्यावर पहिल्या भागातला रेप्लिकंट पावसात प्राण सोडतो ती. जखमी ‘के’ पायऱ्यांवर पडून हातावर बर्फ झेलतो आहे, आणि आपले डोळे भरून येतात ते काही अंशी उसन्या सुरांनी. या प्रसंगाला त्याची गरज नव्हती. आत आना हातांच्या इशाऱ्याने आपल्या दालनात खोटा बर्फ पाडते आहे. डेकार्ड काचेवर तळहात टेकवतो. तो माणूस आहे की रेप्लिकंट, हे इथेही सांगितलेले नाही.