डॉलरच्या चिन्हावरची ओढाताण

साइट उघडते, पण मेनू उलगडत नाही, फॉर्म जात नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) लाल ओळ दिसते: ‘$ इज नॉट अ फंक्शन’, म्हणजे $ हे फंक्शन (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) नाही. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या बहुतेकांना ती ओळखीची आहे. तिचे मूळ २००५-०६ मधल्या घडामोडींत आहे.

पान पुन्हा लोड न करता सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्येच दिली होती. आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी ती हवी होती. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव दिले आणि सगळेच त्यामागे लागले. अडचण अशी की एक्सप्लोररमध्ये ही सोय अ‍ॅक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राच्या वाटेने मिळे आणि मोझिला ब्राउझरात थेट. प्रत्येक ठिकाणी दोन्हींची सोय करायचा कंटाळा आला, म्हणून लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, आल्या.

सॅम स्टीफन्सन यांच्या प्रोटोटाइप या लायब्ररीने २००५ मध्ये पानावरचा घटक शोधण्यासाठी $ हे एका अक्षराचे फंक्शन दिले. जानेवारी २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी ही लायब्ररी आणली. तिनेही तेच चिन्ह घेतले. तेव्हाच्या जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरात चालणाऱ्या भाषेत) मॉड्यूल, म्हणजे कोडसाठी वेगळ्या खोल्या, नव्हती. पानावरच्या सगळ्या स्क्रिप्ट एकाच सामाईक वाड्यात राहत, त्यामुळे नंतर लोड झालेली लायब्ररी आधीचा $ गुपचूप पुसून टाकी. पुसताना एरर येत नसे. ती येई भलत्याच फाइलमध्ये.

यावर जेक्वेरीने ‘नोकॉन्फ्लिक्ट’ दिले: $ चा ताबा सोडायचा आणि ‘जेक्वेरी’ या पूर्ण नावानेच काम करायचे. वर्डप्रेस आपली जेक्वेरी याच पद्धतीने लोड करते. म्हणून दुसरीकडून उचललेला कोड तिथे अडतो, आणि $ ला पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून दिलेले मूल्य) म्हणून घेणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळला की चालतो.

माझ्या मते याहून वाईट चुका लाल ओळच न दाखवणाऱ्या होत्या. प्रोटोटाइप भाषेच्या मूळ अ‍ॅरेलाच (मूल्यांच्या यादीलाच) स्वतःची फंक्शने चिकटवी. त्यातले एक होते ‘टूजेसन’. पुढे ब्राउझरमध्येच जेसनची (माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याच्या पद्धतीची) सोय आली, तेव्हा या फंक्शनमुळे अ‍ॅरेचे रूपांतर अवतरणचिन्हांतल्या साध्या मजकुरात होऊ लागले. एजॅक्सचा कोड बरोबर दिसे, पण सर्व्हरपर्यंत भलतेच काही पोहोचे.

अशा वेळी जो हेविट यांच्या फायरबग या फायरफॉक्समधल्या चुका शोधण्याच्या साधनाचे उपकार आठवतात. २००६ पूर्वी बहुतेकांच्या हाती अलर्टची खिडकीच होती. फायरबगच्या ‘नेट’ टॅबमध्ये काय गेले आणि काय परत आले ते जसेच्या तसे दिसू लागले. उत्तराच्या सुरुवातीला पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची वॉर्निंग घुसली आहे, म्हणून जेसन वाचता येत नाही, हे तिथे नजरेला पडे. २०१० च्या जेक्वेरी १.४ पासून ही नजर आणखी गरजेची झाली, कारण एकेरी अवतरणे किंवा शेवटचा जादा स्वल्पविराम असलेले जेसन तिने नाकारायला सुरुवात केली.

ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ ने जेक्वेरीची जुनी फंक्शने चालू ठेवणारे ‘जेक्वेरी मायग्रेट’ काढले आणि जुन्या फंक्शनांवर विसंबलेली कितीतरी प्लगइन बंद पडली.

जुन्या लायब्ररींचा धाक खुद्द भाषेलाही आहे. २०१८ मध्ये अ‍ॅरेसाठी ‘फ्लॅटन’ हे नवे फंक्शन फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत येताच मूटूल्स या जुन्या लायब्ररीवरची साइट मोडली, कारण मूटूल्सचेही त्याच नावाचे फंक्शन होते. २०१९ च्या मानकात ते ‘फ्लॅट’ या नावाने गेले.