आजारी सरडगुहिऱ्याचा पिंजरा

"मावशी, किती शांत झालाय बघ हा! आधी हात पुढे केला की फिस्कारायचा. आता दिवसभर डोळे मिटून बसतो, उचललं तरी काही म्हणत नाही."

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीने व्हिडिओसोबत हे लिहिलं होतं. व्हिडिओत तिने पाळलेला सरडगुहिरा, म्हणजे कॅमेलिऑन, भर दुपारी अगदी खालच्या फांदीवर बसला होता. पुढचा एक पाय कोपरापासून मनगटापर्यंत धनुष्यासारखा वाकला होता. दुसऱ्या पायाची पकड सुटत होती आणि तो ती पुन्हा पुन्हा घट्ट करू पाहत होता. मी तिला लगेच कळवलं, "हा शांत झालेला नाही, आजारी आहे. उद्याच डॉक्टरांची वेळ घे. आणि आत्ता मला पिंजऱ्याचे चारही बाजूंनी फोटो पाठव."

तिला वाटलं, मी फोटो सरड्याचे मागेन. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि त्यातून एवढं पक्कं कळलं आहे की सरपटणाऱ्या प्राण्याचा आजार निम्मा त्याच्या शरीरात असतो आणि निम्मा त्याच्या जागेत. आपल्या शरीराची ऊब आपलं शरीर स्वतः तयार करतं. सरडगुहिरा ती बाहेरून घेतो. थंडी वाजली तर तो उन्हातल्या फांदीवर जातो, तापला तर पानाआड सरकतो. त्याचं पचन, त्याची प्रतिकारशक्ती आणि हाडांची बांधणी या सगळ्यांवर या सरकण्याचा ताबा आहे. पिंजऱ्यात सरकायला योग्य जागाच नसेल, तर औषध कितीही चांगलं असलं तरी ते अर्धंच लागू पडतं.

याचा एक सुंदर पुरावा १९७५ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. त्यांचे प्रयोग वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर होते. जिवाणूंचा संसर्ग झालेले इग्वाना मोकळे सोडले की नेहमीपेक्षा जास्त उबेची जागा निवडतात, म्हणजे आपण होऊन ताप आणतात, हे आधीच लक्षात आलं होतं. मग संशोधकांनी संसर्ग झालेल्या इग्वानांना वेगवेगळ्या ठराविक तापमानांत ठेवून पाहिलं. ३४ अंश सेल्सियसला ठेवलेल्यांपेक्षा ४० आणि ४२ अंशांना ठेवलेले कितीतरी जास्त संख्येने जगले. याचा अर्थ आजारी सरडगुहिऱ्याला ४० अंशांत कोंडावं असा मुळीच नाही. तो वाळवंटातला नाही, एवढ्या उष्णतेने तो मरेल. घ्यायचं ते इतकंच की आजारी प्राण्याला ऊब निवडायची मुभा हवी. एका टोकाला ऊबदार फांदी, दुसऱ्या टोकाला गार सावली, आणि मधे प्रत्येक पायरी.

भाचीकडचा प्राणी 'व्हेल्ड कॅमेलिऑन' जातीचा. मूळ घर येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्येकडचा डोंगराळ भाग. डोक्यावर उंच तुरा असतो, नर दीड फुटाहून लांब होऊ शकतो. अमेरिकेत आणि युरोपात तो आता पिंजऱ्यातच जन्माला येतो आणि दुकानात सहज मिळतो. सहज मिळतो म्हणून सांभाळायला सोपा आहे, असा समज होतो, आणि त्याची किंमत तो बिचारा मोजतो.

फोटो आले. काचेची टाकी. खिडकीजवळ ठेवलेली, ऊन मिळावं म्हणून. वर एक लहान वळणदार बल्ब, दोन वर्षांपूर्वीचा. तळाशी पाण्याची वाटी. खायला रातकिडे, दुकानातून आणून थेट टाकीत सोडलेले. यातली प्रत्येक गोष्ट तिने प्रेमाने केली होती आणि प्रत्येक गोष्ट चुकीची होती.

खिडकीतलं ऊन आधी घेऊ. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा यूव्हीबी हा जो पट्टा आहे, तो सरड्याच्या कातडीतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका द्रव्यावर पडतो आणि त्यापासून ड जीवनसत्त्वाचं पूर्वरूप बनतं. त्या पूर्वरूपाचं खरं ड-३ व्हायला पुन्हा ऊब लागते. म्हणून यूव्हीबीचा दिवा आणि उबेचा दिवा एकाच फांदीवर यावे लागतात. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला अंतिम रूप देतात, आणि मगच आतडं अन्नातलं कॅल्शियम शोषू शकतं. साधी खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. ऊन दिसतं, ऊब लागते, पण हवा असलेला किरण पोहोचत नाही. दिव्याचंही तसंच. बल्ब डोळ्याला तितकाच लख्ख दिसत राहतो, पण त्यातला यूव्हीबी काही महिन्यांत उतरत जातो. म्हणून नळीसारखा लांब यूव्हीबी दिवा घ्यावा, आणि तो जळाला नाही तरी वर्षभरात बदलावा. शक्य असेल तर मोजमापाच्या यंत्राने पाहून वरच्या फांदीवर अतिनील निर्देशांक ३ च्या आसपास ठेवावा.

कॅल्शियम पोहोचलं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. रक्तात कॅल्शियम टिकवणं आधी गरजेचं असतं, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा लवचिक होतो, पाय वाकतात. सगळ्यात करुण लक्षण म्हणजे जीभ. सरडगुहिरा जीभ फेकतो ती निव्वळ स्नायूंच्या ताकदीवर नाही. जिभेच्या आतल्या हाडासारख्या लांब, ताठ दांड्याभोवतीचा स्नायू लवचिक तंतूंचे थर आवळून ठेवतो आणि मग स्प्रिंग सुटावी तशी ती सुटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एका इवल्याशा आफ्रिकी जातीच्या जिभेचा वेग वाढण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या २६० पटींहून अधिक भरला. असं हत्यार असलेला प्राणी समोरच्या रातकिड्याकडे बघत राहतो, तोंड उघडतो, आणि जीभ जेमतेम ओठांबाहेर येते. मालकाला वाटतं, भूक नाही.

रातकिडेही एकटे पुरत नाहीत. किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं असतं. हाडांना हवं ते उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास. म्हणून किड्यांना आधी दिवसभर हिरव्या भाज्या खाऊ घालायच्या आणि सरड्यासमोर ठेवताना कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे. ड-३ असलेली पूड मात्र जपून, नाहीतर ते साठून मूत्रपिंडं बिघडतात. इथे भाचीच्या घरापासून फार लांब नसलेल्या फोर्ट वर्थमध्ये झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातल्या गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनवर काम केलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या अन्नात ड-३ कमी होतं ते अतिनील प्रकाशात जास्त गेले, ज्यांना अन्नातून पुरेसं मिळत होतं ते कमी गेले. आपल्याला किती हवं हे त्या जिवाला कळतं. आपण त्याला प्रकाश आणि सावली दोन्ही द्यायची, हिशेब तो करतो.

आता पाण्याची वाटी. सरडगुहिरा झाडावरचा, साचलेलं पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तो पानावरचं दव, थेंब चाटतो. वाटी भरलेली असते आणि प्राणी तहानेने सुकत जातो. त्याची विष्ठा बघावी. तिच्यासोबत येणारा युरिक आम्लाचा गोळा पांढरा असेल तर ठीक, नारिंगी किंवा गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. पुढची पायरी म्हणजे खोल गेलेले डोळे. पानांवर दिवसातून दोनदा तरी निवांत, काही मिनिटं फवारा द्यावा, किंवा थेंब थेंब ठिबकणारी नळी लावावी. दिवसा हवा वाहती आणि जरा कोरडी, रात्री दमट आणि गार, हे त्याच्या डोंगरातल्या हवामानाला धरून आहे. काचेच्या बंद टाकीत दमटपणा कोंडतो, आणि तिथून फुप्फुसाचा संसर्ग सुरू होतो. सरड्याला छातीचा पडदा नाही, त्यामुळे आपल्यासारखं जोरात खोकून कफ काढता येत नाही. नाक वर करून, तोंड उघडं ठेवून बसलेला, श्वासाला टिकटिक आवाज करणारा प्राणी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

डोळे मिटण्याबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण हेच चिन्ह सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जातं. सरडगुहिरा दिवसा झोपत नाही. त्याचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्र, सतत फिरणारे. त्यावरच त्याचं जगणं असतं. दिवसा ते मिटले तर कारण काहीही असो, गंभीर आहे. पाण्याची कमतरता, अ जीवनसत्त्वाची उणीव, संसर्ग, डोळ्यात अडकलेला कण, चुकीच्या बल्बचा त्रास, किंवा सर्वांगाला आलेली ग्लानी. अ जीवनसत्त्व घरच्या घरी अंदाजाने पाजणं मात्र धोक्याचं, कारण तेही जास्त झालं की विषारी ठरतं. रंगाचंही तसंच. तो मागच्या पानाशी जुळवायला रंग बदलतो हा समज चुकीचा आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की त्याच्या कातडीतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा रंग बदलतो. हे अंतर मनःस्थितीनुसार बदलतं. कातडी ऊब घेण्यासाठीही गडद होते. पण दिवसभर काळपट, मळकट राहिलेला सरडगुहिरा काहीतरी सोसतोय असंच धरावं.

मादी असेल तर आणखी एक शक्यता. नर जवळ नसतानाही व्हेल्ड कॅमेलिऑनची मादी अंडी घालते, एका वेळी कितीतरी. मातीत खणायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. फूटभर खोल, ओलसर वाळू-मातीचं भांडं तिच्या पिंजऱ्यात असायलाच हवं. आणि ती खणताना कोणी बघत नाहीसं वाटलं पाहिजे, म्हणून पिंजऱ्यावर कापड टाकावं.

दुसऱ्या दिवशी भाची डॉक्टरांकडे गेली. सगळ्याच पशुवैद्यांना सरड्यांचा अनुभव नसतो. अमेरिकेत यासाठी सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची वेगळी संघटना आहे, तिच्या यादीतून तिने जवळचे शोधले. सोबत पिंजऱ्याचे फोटो, दिव्याचं नाव आणि ताजी विष्ठा नेली. क्ष-किरण चित्रात हाडं इतकी फिकट होती की आजूबाजूच्या मांसापासून वेगळी ओळखू येईनात. कातडीखाली द्राव दिला गेला, कॅल्शियमचं औषध सुरू झालं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी फोनवर बोलत पिंजरा बदलला. निरोगी मोठ्या प्राण्याला साधारण चार फूट उंच, दोन फूट लांब-रुंद जाळीचा पिंजरा लागतो. पण हाडं मऊ असलेल्या प्राण्याला उंची घातक. पडला तर पाय मोडतो. म्हणून काही आठवडे बुटका पिंजरा, आडव्या, बोटाएवढ्या जाड फांद्या जवळजवळ, तळाला मऊ टॉवेल आणि वर कागदी रुमाल. माती, भुसा काही नाही. ऊबदार फांदीवर २९ ते ३० अंश, गार टोकाला २३-२४. दिवा पिंजऱ्याच्या बाहेर आणि तुऱ्यापासून पुरेसा लांब, कारण गरम बल्बला चिकटून बसलेला सरडा भाजेपर्यंत हलत नाही. रात्री पूर्ण अंधार, लाल बल्बही नको. तीन बाजूंना मनी प्लांटची आणि जास्वंदीची पानं, म्हणजे त्याला लपता येईल. आरसा, चकचकीत काच, दुसरा सरडा यांपैकी काहीही नजरेला पडू द्यायचं नाही.

खायला घालायची घाई तिला सगळ्यात जास्त होती. पण गार आणि सुकलेल्या शरीरात अन्न पचत नाही, आतच कुजतं. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, हा क्रम मोडायचा नाही. पाणीही पिचकारीने घशात सोडायचं नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. ओठावर एक थेंब ठेवायचा आणि त्याने गिळण्याची वाट बघायची. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर फांदीसकट ठेवून दर चार दिवसांनी ग्रॅममध्ये वजन लिहायचं. बाकी हात लावायचा नाही. हे तिला फार जड गेलं.

हे वाचून इथे, महाराष्ट्रात, कुणाला रस्त्यात दिसलेला सरडगुहिरा घरी न्यावासा वाटला, तर कृपया नेऊ नका. आपल्याकडचा हा प्राणी, ज्याला काही भागांत घोयरा म्हणतात, वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि तो पाळता येत नाही. तो विषारी नाही, त्याला मारण्याचंही काही कारण नाही. जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी जातींचीही आता सरकारकडे नोंदणी करावी लागते.

तिसऱ्या आठवड्यात भाचीच्या सरड्याने हातातल्या चिमट्यातून पहिला किडा तोंडाने उचलला. जीभ यायला अजून दोन महिने लागले. आधी एक इंच, मग अर्धी वीत. वाकलेला पाय सरळ झाला नाही, होणारही नाही. पण हाड घट्ट झालं आणि त्याला त्या पायाने फांदी धरता येऊ लागली. वजन वाढत गेलं, तसा मोठा जाळीचा पिंजरा आला.

परवा तिने पुन्हा एक व्हिडिओ पाठवला. ती पिंजऱ्यातलं सुकलेलं पान काढायला हात घालते. वरच्या फांदीवरून तो अंग चपटं करून मोठा होतो, पट्टे लख्ख पिवळे होतात, तोंड वासून जोरात फिस्कारतो. ती दचकून हात मागे घेते, आणि तिच्या हसण्याचा आवाज येतो.