रक्तदाब चढण्याआधी वार काय सांगते?

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर नावाच्या डॉक्टरांनी १८४३ साली एक साधी तपासणी करून पाहिली. बाळंतपणाच्या सुमारास ज्यांना आकडी येत होती, अशा बायकांची लघवी त्यांनी उकळली. एरवी लघवी उकळली तरी नितळ राहते. या बायकांच्या लघवीत मात्र पांढुरका साका धरत होता, कारण तिच्यात उष्णतेने गोठणारं प्रथिन होतं. पुढे १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं साधन काढलं आणि थोड्याच वर्षांत लक्षात आलं, की आकडी येण्याआधी या बायकांचा रक्तदाबही चढलेला असतो. लघवीतलं प्रथिन आणि चढलेलं बी.पी., या दोन खुणांवर प्रीएक्लॅम्पसियाचं निदान शंभर वर्षांहून अधिक काळ होत आलं आहे.

आजही व्याख्येची सुरुवात तिथूनच होते. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर, आधी बी.पी. नसलेल्या बाईचा रक्तदाब काही तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला आणि चोवीस तासांच्या लघवीत ३०० मिलीग्रॅम किंवा अधिक प्रथिन सापडलं, तर तो प्रीएक्लॅम्पसिया. हल्ली प्रथिन नसलं तरी चालतं. बिंबाणू म्हणजे प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली गेल्या, यकृताची वितंचकं म्हणजे एन्झाइम्स वाढली, मूत्रपिंड मंदावलं किंवा फुप्फुसात पाणी झालं, तरी निदान तेच. पण या सगळ्या यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. यातलं प्रत्येक लक्षण म्हणजे कुठल्या ना कुठल्या अवयवाला झालेली इजा आहे. म्हणजे निदान होतं तेव्हा नुकसान सुरू झालेलं असतं. जगभरात दर शंभर गरोदर स्त्रियांमागे साधारण ३ ते ८ जणींना हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यात वर्षाला सुमारे ४६ हजार माता आणि पाच लाखांच्या आसपास बाळं दगावतात. म्हणून ‘आधी कळलं असतं तर’ हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा ठरतो.

आधी म्हणजे किती आधी? त्यासाठी वारेकडे, म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून पोषण पुरवणाऱ्या प्लॅसेंटाकडे, जावं लागतं. गरोदरपणाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी, बारीक धमन्यांचं रूपच बदलून टाकतात. धमनीच्या भिंतीतला स्नायूंचा थर जातो, तिचं तोंड रुंद होतं आणि आईचं रक्त वारेत संथपणे, भरपूर पोहोचतं. लवकर उद्भवणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात हे काम अर्धवट राहतं. धमन्या अरुंदच राहतात आणि पाइपाच्या तोंडावर बोट दाबल्यावर पाण्याची जशी चिळकांडी उडते तसं रक्त वारेवर आपटत राहतं. वारेला प्राणवायू धड मिळत नाही, तिच्या नाजूक शाखांना इजा होते. बाई तेव्हा ठणठणीत असते. बी.पी. नॉर्मल, लघवी स्वच्छ.

हा बिघाड वारेतला असेल तर आईचं मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू का बिघडावा? या कोड्याचा मोठा भाग २००३ मध्ये सुटला. बॉस्टनमधल्या अनंत करुमंची आणि शॅरन मेनार्ड यांच्या गटाने दाखवलं, की अशा वारेतून एसएफएलटी-१ नावाचं एक प्रथिन प्रमाणाबाहेर सुटतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर धडधाकट ठेवणारे दोन घटक आपल्या रक्तात फिरत असतात, व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ. दुसरा तर मुख्यतः वारेतूनच येतो. एसएफएलटी-१ या दोघांनाही वाटेतच धरून ठेवतं, ते अस्तरापर्यंत पोहोचत नाहीत. संशोधकांनी हे प्रथिन गाभण उंदरांच्या शरीरात वाढवलं तेव्हा त्यांचं बी.पी. चढलं, लघवीतून प्रथिन जाऊ लागलं आणि मूत्रपिंडात अगदी प्रीएक्लॅम्पसियासारखे बदल दिसले. कर्करोगावरचं बेव्हॅसिझुमॅब हे औषध व्हीईजीएफला अडवतं. ते घेणाऱ्या काही रुग्णांचंही बी.पी. वाढतं आणि लघवीतून प्रथिन जातं. गरोदरपणाचा तिथे संबंधही नसतो.

आणखी दोन पुरावे मला विशेष आवडतात. द्राक्षगर्भात पूर्ण बाळ नसतं, नुसती वारेची बेसुमार वाढ असते, तरी प्रीएक्लॅम्पसिया होतो आणि तोही लवकर. आणि एसएफएलटी-१ बनवणारं जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे. ज्या गर्भात या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, त्याच्या आईला हा आजार होण्याचं प्रमाणही जास्त आढळतं. म्हणजे संशय वारेवर घ्यायचा आणि पुरावा आईच्या रक्तात शोधायचा.

तो पुरावा किती लवकर सापडतो, याचं उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना पुढे आजार झाला त्यांच्या रक्तात एसएफएलटी-१ लक्षणांच्या सुमारे पाच आठवडे आधी चढू लागतं. पीएलजीएफ तर १३ ते १६ आठवड्यांपासूनच कमी असतं. त्यानंतर लघवीकडेही लक्ष गेलं. एसएफएलटी-१ चा रेणू मोठा, तो मूत्रपिंडाच्या चाळणीतून सहसा गळत नाही. पीएलजीएफ लहान, तो गळतो. त्यामुळे लघवीतलं पीएलजीएफ घटलं तर ती धोक्याची सूचना समजता येते. अर्थात लघवीतलं प्रमाण दिवसभरात बदलतं आणि पाणी किती प्यायलं यावरही अवलंबून असतं, म्हणून आजवर भरवसा रक्तावरच जास्त ठेवला गेला. दंडातून काढलेलं थोडं रक्त, बस. पोटातून सुई घालून गर्भजल काढणं नाही, वारेचा तुकडा काढणं नाही.

आता रक्तातल्या या दोन प्रथिनांचं गुणोत्तर, म्हणजे एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ, काढायची पद्धत रूढ होते आहे. प्रॉग्नोसिस या अभ्यासात (२०१६) आजाराचा संशय असलेल्या, पण निदान न झालेल्या स्त्रियांचं रक्त तपासलं. गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असलं, तर पुढचा आठवडाभर प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही हे भाकीत ९९.३ टक्के वेळा खरं ठरलं. ३८ च्या वर असलेल्यांपैकी मात्र पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला तो जेमतेम ३६.७ टक्के जणींना.

या दोन आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं. एकच चाचणी, पण ‘नाही’ म्हणते तेव्हा तिच्यावर जवळजवळ डोळे मिटून विश्वास ठेवावा आणि ‘हो’ म्हणते तेव्हा अर्ध्याहून अधिक वेळा तिचं म्हणणं खोटं ठरावं! याला चाचणीचा दोष म्हणता येणार नाही. आजार संशयितांतही थोड्याच जणींना होतो, त्यामुळे ‘हो’च्या गटात निरोगी बायका आपोआप जास्त येतात. पण प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की या चाचणीचं खरं बळ घाबरवण्यात नाही, धीर देण्यात आहे. पायावर सूज, डोकं दुखतंय, बी.पी. काठावर, अशी बाई आली की पूर्वी सरळ भरती करून घ्यायचे. आता गुणोत्तर कमी असेल तर तिला घरी पाठवून आठवड्याने बोलावता येतं. गुणोत्तर जास्त असेल तर तिच्यावर बारीक नजर ठेवायची. ‘हो’ आलं म्हणून लगेच बाळंतपण उरकून टाकणं म्हणजे चुकीच्या अर्ध्यावर विश्वास ठेवणं. मला वाटतं, बायोमार्करच्या, म्हणजे आजाराची चाहूल देणाऱ्या शरीरातल्या खुणांच्या, बातम्यांत हा मुद्दा सगळ्यात कमी वेळा येतो.

ब्रिटनमध्ये झालेल्या पॅरट चाचणीत (२०१९) डॉक्टरांना पीएलजीएफचा आकडा हातात दिला, तेव्हा निदानाला लागणारा वेळ साधारण ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि मातांच्या गंभीर गुंतागुंतीही कमी झाल्या. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये अशाच गुणोत्तराच्या रक्तचाचणीला मान्यता दिली, तीही रुग्णालयात दाखल असलेल्या स्त्रियांमध्ये गंभीर आजाराचा धोका जोखण्यापुरती.

हे झालं संशय आल्यावरचं. त्याआधी, ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या वेळीच धोका ओळखायचा तर एकटं पीएलजीएफ पुरत नाही. आईचं वय, वजन, आधीचं बाळंतपण, दोन्ही दंडांवर मोजलेलं सरासरी बी.पी., गर्भाशयाच्या धमन्यांचं डॉपलर (सोनोग्राफीने रक्ताचा प्रवाह मोजणं) आणि पीएलजीएफ, हे सगळं एका गणितात घातलं की ३७ आठवड्यांच्या आत बाळंत करावं लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया असणाऱ्यांपैकी साधारण पाऊण भाग सापडतात. त्यासाठी शंभरातल्या दहा जणींना ‘धोक्यात’ म्हणावं लागतं. धरून चालू, की हजार गरोदर स्त्रियांमध्ये हा लवकरचा आजार आठ जणींना होणार आहे. गणित शंभर जणींवर बोट ठेवेल, त्यात त्या आठांपैकी सहा असतील. उरलेल्या ९४ जणींना उगाच काळजी लागली, असं कुणी म्हणेल. म्हणावंच. पण पुढचा उपाय काय आहे तेही बघायला हवं: ॲस्पिरिन. ॲस्प्री चाचणीत (२०१७) अशा जास्त धोक्याच्या स्त्रियांना ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलीग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तेव्हा लवकरचा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. उपाय इतका स्वस्त आणि बराच निर्धोक असला की चाचणीने जरा सढळ हाताने ‘हो’ म्हटलं तरी चालतं. शस्त्रक्रिया करायची असती तर हेच प्रमाण परवडलं नसतं. अर्थात गोळी मनाने सुरू करायची नाही, डॉक्टरांनी सांगितली तरच. आणि दिवस भरत आल्यावर होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियावर तिचा फारसा परिणाम दिसला नाही. दुर्दैवाने बहुतेक रुग्ण याच गटातले असतात आणि पहिल्या तिमाहीचं गणितही त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी जणींना ओळखतं.

नव्या शोधांपैकी दोन सांगण्यासारखे आहेत. वारेच्या आणि आईच्या पेशींतून सुटलेले आरएनएचे तुकडे आईच्या रक्तात तरंगत असतात. २०२२ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी या तुकड्यांच्या नक्षीवरून लक्षणांच्या कितीतरी आठवडे आधी धोका ओळखता येतो असं दाखवलं. तंत्र महाग आहे, आणि ‘हो’ म्हणताना चुकण्याचा जुना घोळ तिथेही संपलेला नाही.

दुसरा शोध उलट टोकाचा, कागदाच्या तुकड्यावर मावणारा. काँगो रेड हा कापड रंगवायचा जुना रंग. अल्झायमरच्या मेंदूतली घडी बिघडलेली प्रथिनं दाखवायला पॅथॉलॉजिस्ट तो वापरत आले आहेत. इरिना बुहिमशी यांच्या गटाला दिसलं, की प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बायकांच्या लघवीतही अशी वेडीवाकडी घडी पडलेली प्रथिनं असतात. लघवीत हा रंग मिसळून थेंब कागदावर टाकायचा. लघवी साधी असेल तर रंग कागदाच्या तंतूंना चिकटून एका ठिपक्यात बसतो. बिघडलेली प्रथिनं असतील तर तो त्यांना धरून राहतो आणि थेंबाबरोबर कागदभर पसरतो. लांबच्या दवाखान्यात, वीज नसताना, आरोग्यसेविकेलाही डोळ्यांनी वाचता येईल अशी ही चाचणी आहे. माझी आशा आरएनएपेक्षा हिच्यावर जास्त आहे, कारण हा आजार सर्वाधिक जीव घेतो तिथे मोठी यंत्रं नसतातच.

आणि बी.पी.चा पट्टा? तोही बायोमार्करच म्हणायचा, सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त चुकीचा मोजला जाणारा. धापा टाकत आलेल्या बाईला टेबलावर पाय लोंबकळत बसवून, जाड दंडावर लहान पट्टा ओढून घेतलेला आकडा कुठल्याही गणितात घातला तरी उत्तर चुकणारच. पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, दंडाच्या मापाचा पट्टा. वरच्या सगळ्या महागड्या तपासण्यांचा अर्धा जोर या पाच मिनिटांवर उभा आहे.

वार पडली की एसएफएलटी-१ बहुतेकींमध्ये काही दिवसांतच झपाट्याने उतरतं. तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत हा आजार डोकं वर काढू शकतो, कधी कधी गरोदरपणात बी.पी. अगदी नॉर्मल असलेल्या बाईतही. रात्रीची जागरणं म्हणून न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं अंगावर काढलं जातं. अशा वेळी कुठल्याही गुणोत्तराची वाट न पाहता आधी बी.पी. मोजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.