स्वस्त प्रायमरवरचा अविश्वास आला कुठून?

नेमबाजीच्या रेंजवर बंदुकीचा घोडा दाबला, नुसतं टिक् वाजलं आणि बार झालाच नाही की पहिला संशय काडतूस पेटवणाऱ्या प्रायमरवर, आणि तो स्वस्तातला असला तर मग बोलायलाच नको. संभाजीनगर काय, लातूर-नांदेड काय, लायसनवाल्या मंडळींमध्ये हा विषय निघाला की सगळे ठाम असतात, "स्वस्तातला म्हणजे धोका". मला हे अर्धवट वाटतं, कारण ह्या अविश्वासामागं खरी कारणं होती पण त्यातली बरीच केव्हाच संपलीत.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली छोटी धातूची वाटी, तिच्यावर बंदुकीची पिन आदळली की आतला मसाला पेटतो आणि जाळ दारूपर्यंत जातो. ठासणीच्या बंदुकीला जी टोपी लावायचे ना, तिचंच हे पुढचं रूप. त्याच्याआधी चकमक होती, आणि चकमकीचं पावसात काय होत असेल हे सांगायला नको. स्कॉटलंडमधले अलेक्झांडर फोर्सिथ हे धर्मोपदेशक, पण शिकारीचा नाद, चकमकीची ठिणगी दिसली की पक्षी उडून जायचे म्हणून त्यांनी ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याचं काम हातात घेतलं आणि 1807 ला पेटंट घेतलं, त्यावरून पुढं टोपी आली. 1834 ला इंग्लंडात वूलिचला दोन्ही प्रकारच्या बंदुका सहा-सहा हजार वेळा झाडून बघितल्या, चकमकवाली 922 वेळा फसली आणि टोपीवाली फक्त 36 वेळा! विश्वासार्हता आकड्यात मोजायची म्हणजे काय ते इथं दिसतं. तरी जुन्या बंदुका लगेच बदलल्या नाहीत, 1841 मध्ये चीनच्या लढाईत कॅन्टनजवळ आपल्याच मद्रासी शिपायांची एक कंपनी भर पावसात अडकली, हातात चकमकीच्या बंदुका, सगळ्या भिजून गप्प, शेवटी टोपीवाल्या बंदुका घेतलेले मरीन, म्हणजे आरमाराचे शिपाई, आले तेव्हा सुटका झाली. 1857 च्या काडतुसाच्या चरबीबद्दल आपल्याकडं शाळेतलं पोरगंही सांगतं, पण ती एनफिल्ड बंदूक टोपीवर चालायची हे कामून कुणी सांगत नाही कोण जाणे.

1866 च्या आसपास प्रायमरच्या दोन पद्धती आल्या. अमेरिकेच्या बर्डनची, त्यात ऐरण, म्हणजे मसाला जिच्यावर चिरडून पेटतो तो टेकू, पुंगळीतच (काडतुसाच्या पितळी नळकांड्यातच) असते आणि जाळाला सहसा दोन भोकं. इंग्लंडच्या बॉक्सरची, त्यात ऐरण प्रायमरमध्ये आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. गंमत अशी की बर्डनची युरोपात रुळली आणि बॉक्सरची अमेरिकेत. बॉक्सरचा वापरलेला प्रायमर एका काडीनं बाहेर ढकलता येतो, म्हणून घरी काडतूस परत भरायचा छंद अमेरिकेत एवढा वाढला.

बदनामीचं खरं मूळ मात्र मसाल्यात आहे. जुन्या मसाल्यात पारा असायचा, तो पितळ ठिसूळ करायचा, म्हणजे पुंगळी परत भरायच्या लायकीची राहायची नाही. पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून मागं मीठ राहायचं आणि ते मीठ हवेतली ओल ओढून बंदुकीच्या नळीला गंज चढवायचं. जर्मनीत 1920 च्या दशकात शिशाच्या संयुगाचा सिनॉक्सिड मसाला आला आणि दोन्ही कटकटी मिटल्या. पण बऱ्याच देशांच्या सैन्यानं जुनाच मसाला पुढं कित्येक वर्षं वापरला, तो माल नंतर स्वस्तात बाजारात आला, लोकांच्या नळ्या गंजल्या, आणि "स्वस्त म्हणजे वाईट" हे डोक्यात पक्कं बसलं.

मग 2020. कोरोनात अमेरिकेत प्रायमर गायब, हजार प्रायमरचा डबा तीस-पस्तीस डॉलरवरून शंभरच्या वर, रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसांची कंपनी दिवाळखोरीत. ती पोकळी भरायला बोस्नियाचा गिनेक्स, चेक प्रजासत्ताकाचा सेलिए-बेलो, इटलीचा फिओकी असा माल घुसला. ह्यांना नवखं समजू नका, सेलिए-बेलो 1825 पासूनची, सुरुवातच टोप्या बनवण्यापासून.

आता फसतात त्याचं काय? फसलेल्या काडतुसावर दुसऱ्यांदा पिन मारली आणि ते उडालं, तर बहुतेक वेळा प्रायमर पूर्ण खाली बसलेलाच नव्हता, पहिल्या ठोक्याची ताकद त्याला बसवण्यातच गेली. काही प्रायमरची वाटी जाड-टणक असते, आणि स्पर्धेसाठी घोड्याची स्प्रिंग हलकी करून घेतलेली असली की तो ठोका पुरत नाही, तेच प्रायमर मूळ स्प्रिंगवर बिनतक्रार चालतात. ह्यात कंपनीला कशाला शिव्या द्यायच्या?

आपल्याकडं हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच धरलेत, म्हणजे प्रायमर काय किराणा मालासारखा मागवता येत नाही, आणि रेंजवरची .22 ची काडतूस-पुंगळी तर परत भरताच येत नाही, तिचा मसाला बुडाच्या कडेतच असतो. त्यामुळं तयार माल घ्यायचा, बाराबोअरच्या छऱ्याच्या बंदुकीला खडकीच्या कारखान्याची काडतुसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत. घेताना किमतीआधी डब्यावरचं साल बघा आणि दुकानदारानं माल पावसाळ्यात कुठं ठेवला होता ते विचारा.