शून्ये घालून अपसॅम्पलिंग (वेव्हलेट पुनर्रचना)

अंकीय संकेताच्या प्रत्येक नमुन्यानंतर शून्य किमतीचा एक नमुना घालून नमुन्यांची संख्या दुप्पट करण्याच्या क्रियेला द्विगुण अपसॅम्पलिंग म्हणतात. विविक्त वेव्हलेट रूपांतर संकेताचे स्थूल भाग आणि बारीक तपशील पातळीपातळीने वेगळे करून ते सहगुणक नावाच्या संख्यांत मांडते. त्याच्या व्यस्त क्रियेत, म्हणजे सहगुणकांवरून मूळ संकेत पुन्हा उभा करताना, प्रत्येक पातळीवर ही पहिली पायरी असते आणि तिच्या पाठोपाठ संश्लेषण फिल्टर येतो. फिल्टर म्हणजे शेजारच्या नमुन्यांना ठरावीक संख्यांनी गुणून बेरीज करण्याची क्रिया. शून्ये घातल्याने माहितीत भर पडत नाही आणि घटही होत नाही. मूळ नमुने जसेच्या तसे राहतात, संकेताची एकूण ऊर्जाही तेवढीच राहते. बदलते ती फक्त त्यांची मांडणी.

या पायरीची गरज विश्लेषणाच्या, म्हणजे संकेतावरून सहगुणक काढण्याच्या, टप्प्यात निर्माण होते. तेथे संकेत एका निम्नपारक (संथ बदल पार करणाऱ्या) आणि एका उच्चपारक (जलद बदल पार करणाऱ्या) फिल्टरमधून जातो आणि दोन्ही निष्पत्तींतील एकाआड एक नमुना टाकून दिला जातो, जेणेकरून सहगुणकांची एकूण संख्या मूळ नमुन्यांइतकीच राहावी. सर्वांत साध्या, हार वेव्हलेटचे उदाहरण घेऊ. ८, ६, ३, ५ या संकेतातील जोड्यांच्या सरासऱ्या ७ आणि ४ येतात, तर अर्धे फरक १ आणि −१ येतात. पुनर्रचनेत सरासऱ्यांची ओळ ७, ०, ४, ० अशी आणि फरकांची ओळ १, ०, −१, ० अशी पसरली जाते. पहिलीवर (१, १) हा फिल्टर चालवला की ७, ७, ४, ४ मिळतात. दुसरीवर (१, −१) चालवला की १, −१, −१, १ मिळतात. दोन्ही ओळींची बेरीज ८, ६, ३, ५. लंबसामान्य, म्हणजे ऊर्जा कायम राखणाऱ्या, मांडणीत दोन्ही टप्प्यांतील फिल्टरांचे सहगुणक १/√२ या प्रमाणात घेतले जातात. एका टप्प्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी मांडणी वापरली, तर संकेताचे मान चुकीच्या पटीत येते.

वारंवारतेच्या अंगाने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. सेकंदाला ८००० नमुने असलेल्या संकेतात ५०० हर्ट्झचा एक सूर आहे असे समजू. निम्मे नमुने टाकल्यावर दर ४००० होतो. नंतर शून्ये घालून तो पुन्हा ८००० वर आणला की ५०० हर्ट्झच्या सुराबरोबर ३५०० हर्ट्झवर त्याची प्रतिमा उमटते आणि दोन्हींचा आयाम (लहरीची उंची) मूळच्या निम्मा असतो. उलट, मूळ संकेतात ३५०० हर्ट्झचा सूर असता तर नमुने टाकताना तोच ५०० हर्ट्झच्या वेषात आला असता. यालाच एलियसिंग म्हणतात. संश्लेषण फिल्टरचे एक काम या प्रतिमा दाबण्याचे असते. मात्र कोणताही मर्यादित लांबीचा फिल्टर निम्न आणि उच्च शाखांमधल्या २००० हर्ट्झच्या सीमेवर कड्यासारखा तुटत नाही, त्यामुळे सीमेलगतचे घटक दोन्ही शाखांत झिरपतात आणि प्रत्येक शाखा स्वतंत्रपणे सदोषच राहते. पुनर्रचना अचूक होते ती एका शाखेतील एलियसिंग दुसऱ्या शाखेतील एलियसिंगने बरोबर खोडले जाते म्हणून. सहगुणकांचे स्थूलीकरण केले (ते जवळच्या ठरावीक किमतीत बसवले) किंवा काही सहगुणक पुसून टाकले, की हे खोडणे अपुरे राहते. जास्त संपीडित चित्रांत कडांभोवती उमटणाऱ्या डागांमागे हेही एक कारण असते.

अशा परस्पर खोडण्याची पहिली योजना क्रोझिए, एस्तेबान आणि गालाँ यांनी १९७६ मध्ये मांडली, परंतु तिच्यात हारपेक्षा लांब मर्यादित फिल्टरांसाठी आयामाची थोडी विकृती उरत असे. ती स्मिथ आणि बार्नवेल यांनी, तसेच स्वतंत्रपणे मिंट्झर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास दूर केली. पुढे १९८८ मध्ये इंग्रिड डोबेशी यांनी मर्यादित विस्ताराची लंबसामान्य वेव्हलेट रचली आणि १९८९ मध्ये स्तेफान माला यांनी फिल्टर-संच (अशा फिल्टरांचा समूह) व वेव्हलेट यांचे नाते पातळीपातळीने नमुने निम्मे करत जाणाऱ्या पिरॅमिड पद्धतीतून स्पष्ट केले.

शून्याऐवजी आधीचा नमुनाच पुन्हा का लिहू नये, अशी शंका येते. नमुना दोनदा लिहिणे म्हणजे शून्य घालून (१, १) हा फिल्टर चालवणे. रेषीय अंतर्वेशन (दोन नमुन्यांमध्ये त्यांची सरासरी भरणे) म्हणजे शून्य घालून (१/२, १, १/२) चालवणे. म्हणजेच या पद्धतींत फिल्टरची निवड आधीच झालेली असते आणि त्यावर संश्लेषण फिल्टर लावला की दोनदा फिल्टर लागतो. शून्य मात्र निवड पूर्णपणे मोकळी ठेवते. याहून पक्के कारण रेषीय बीजगणितात आहे: एकाआड एक नमुना टाकणाऱ्या सारणीची (मॅट्रिक्सची) परिवर्त सारणी, म्हणजे ओळी व स्तंभ अदलाबदल केलेली सारणी, नेमकी शून्ये घालते आणि लंबसामान्य रूपांतराची व्यस्त सारणी ही त्याची परिवर्त सारणीच असते. त्यामुळे अशा रूपांतरात शून्याला पर्यायच नाही.

हीच क्रिया वेव्हलेटचा आकार पाहण्यासाठीही वापरतात. हार वगळता डोबेशी वेव्हलेटसाठी साधे सूत्र उपलब्ध नाही. म्हणून सगळे सहगुणक शून्य ठेवून फक्त एक सहगुणक १ करतात, शून्ये घालणे आणि निम्नपारक फिल्टर चालवणे या पायऱ्या अनेकदा करतात, आणि दर खेपेला मिळणारा आलेख मापन-फलनाच्या (वेव्हलेटच्या निम्नपारक जोडीदाराच्या) अधिकाधिक जवळ जातो. पहिल्या पायरीत उच्चपारक फिल्टर घेतला तर तोच वेव्हलेटकडे झुकतो.

आज्ञावली लिहिताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. शून्ये नमुन्यांच्या आधी की नंतर, हे दोन्ही शाखांत सारखे हवे. वरील उदाहरणात फरकांच्या ओळीत ती आधी घातली तर बेरीज ७, ८, ३, ३ अशी निरर्थक येते. दुसरे, शून्याने केलेले गुणाकार वाया जातात, म्हणून बहुकला रचनेत फिल्टरचे सम व विषम सहगुणक वेगळे करून निम्मे काम वाचवतात. जेपीईजी २००० या चित्र-संपीडन मानकात तर निम्न आणि उच्च सहगुणक एकाआड एक गुंफून त्यांवर लिफ्टिंगच्या, म्हणजे एका गटावरून दुसऱ्यात आलटून पालटून दुरुस्ती करण्याच्या, पायऱ्या चालवतात; एकाच्या रिकाम्या जागी दुसरा बसतो आणि शून्ये प्रत्यक्ष लिहावीच लागत नाहीत.

आ त्रू नावाच्या पद्धतीशी या क्रियेची गल्लत होऊ नये. तीत नमुने मुळी टाकलेच जात नाहीत. शून्ये संकेतात नव्हे, तर फिल्टरच्या सहगुणकांमध्ये घातली जातात आणि दर पातळीला ती वाढत जातात.