हिलबिली प्रतिमा आणि ॲपलेशियन कला-साहित्य

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन डोंगराळ प्रदेशाविषयी बाहेरच्यांनी रूढ केलेली ‘हिलबिली’ (डोंगरी गावंढळ) ही प्रतिमा आणि तिथल्याच लेखक-कलावंतांनी तिला दिलेली उत्तरे, असा या नोंदीचा विषय आहे. सरकारी व्याख्येनुसार हा प्रदेश न्यूयॉर्कच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तर भागापर्यंत १३ राज्यांत पसरला आहे. लोकांच्या डोळ्यांपुढे मात्र पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया आणि आसपासचा कोळसापट्टाच येतो.

अनवाणी पाय, हातात बंदूक, शेजारी घरी गाळलेल्या दारूचा बुधला. माणूस आळशी, अडाणी आणि भांडखोर. हे चित्र १८७० नंतर मासिकांतल्या प्रवासवर्णनांतून आणि कथांतून तयार झाले. रेल्वे, लाकूड आणि कोळसा कंपन्या डोंगरात शिरल्या त्याही याच काळात. रहिवासी मागास ठरले की त्यांचे खनिजहक्क कवडीमोलाने घेताना कोणाला टोचणी लागत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पुढे १९३४ पासून वृत्तपत्रांतल्या चित्रमालिकांनी आणि १९६२ पासून दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकेने हे चित्र घरोघर पोचवले.

१९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध ‘युद्ध’ पुकारले आणि या डोंगराळ भागात छायाचित्रकारांची रीघ लागली. आपल्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडले जात आहे, ही चीड गावागावांत साचत गेली. सप्टेंबर १९६७ मध्ये केंटकीच्या लेचर परगण्यात ह्यू ओ’कॉनर हा कॅनडाचा चित्रपटकार खाणकामगारांच्या भाड्याच्या घरांचे चित्रण करत असताना घरमालकाने त्याला गोळी घालून ठार केले. घरमालकाबद्दल स्थानिकांत बरीच सहानुभूती होती. पूर्व केंटकीतच वाढलेल्या एलिझाबेथ बॅरेट यांनी २००० साली या घटनेवर माहितीपट केला. खुनाचे समर्थन न करता, कॅमेरा घेऊन येणाऱ्याची जबाबदारी कोणती, हा प्रश्न त्यात त्या स्वतःलाही विचारतात.

हा माहितीपट ‘ॲपलशॉप’चा. १९६९ मध्ये त्याच परगण्यातील व्हाइट्सबर्ग येथे सरकारी पैशातून तरुणांना चित्रपटाचे तंत्र शिकवणारी ही कार्यशाळा सुरू झाली. हाताला कौशल्य आले की मुले शहरात नोकरी धरतील, अशी अपेक्षा होती. पण कित्येक जण तिथेच राहिले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर चित्रपट करू लागले: डुक्कर कापणारा खाटीक, लाकडी खुर्च्या घडवणारा कारागीर, झाडपाल्याची औषधे, जुन्या पद्धतीची चर्च. जुलै २०२२ च्या पुरात तिथल्या संग्रहाचे मोठे नुकसान झाले.

या प्रतिमेत डोंगरी माणूस नेहमी गोराच असतो, हा तिचा आणखी एक खोटेपणा. ज्या बँजो या तंतुवाद्यावाचून तिचे पानही हलत नाही, त्याचे मूळ आफ्रिकी आहे. कृष्णवर्णीय कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी ‘ॲफ्रिलेचियन’ (आफ्रिकी आणि ॲपलेशियन यांची जोडणी) हे नाव घडवले आणि १९९१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे त्या नावाचा कविगट उभा राहिला. निकी फिनी आणि क्रिस्टल विल्किन्सन याच गटातल्या.

प्रतिमा नाकारण्याऐवजी अंगावर मिरवण्याचा मार्गही आहे. गायिका डॉली पार्टन यांनी चिंध्या जोडून आईने शिवलेल्या कोटावर १९७१ मध्ये गाणे केले. शाळेत तो कोट चेष्टेचा विषय झाला होता. टेनेसीतील त्यांच्या ‘डॉलीवूड’ उद्यानात लहानपणीच्या झोपडीची प्रतिकृती आहे. ती भावाने बांधली, आतली मांडणी आईने केली. केंटकीतील पाइकव्हिल येथे १९७७ पासून ‘हिलबिली डेज’ ही जत्रा भरते. लोक फाटके कपडे, वेड्यावाकड्या टोप्या घालून मिरवतात आणि मुलांच्या रुग्णालयासाठी निधी जमवतात. अशा सोंगाने बाहेरच्यांचेच फावते, असा आक्षेप त्यावर घेता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही.

पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेल्या जे. डी. व्हान्स यांच्या २०१६ मधील ‘हिलबिली एलेजी’ या आत्मकथनाने वाद पुन्हा पेटला. एका कुटुंबाची कहाणी साऱ्या प्रदेशाच्या माथी मारली, अशी टीका झाली आणि २०१९ मध्ये अनेक लेखकांनी मिळून उत्तरादाखल निबंध-कवितांचा संग्रह काढला. त्यात व्हान्स यांची बाजू घेणाऱ्यांनाही जागा दिलेली आहे.